ख्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स

आमच्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी पुस्तिकेंत देवळाचा पाया केव्हां घातला गेला, घंटा कोणीं दिली, कोणकोणते धर्मगुरु येथें राबून गेले, हा सर्व वृत्तांत यथास्थित येणारच आहे, आणि तो आमच्याहून अधिक जाणत्या हातांनीं लिहिला जात आहे. आम्हांस मात्र या शुभप्रसंगीं अशा एका सत्पुरुषाचें स्मरण करावेंसें वाटतें कीं, ज्यांचा जन्म हजारों कोस दूर झाला, परंतु ज्यांनीं प्रभु येशूचें संपूर्ण चरित्र प्रथमच आपल्या मायबोलीच्या ओंव्यांत आणून ठेविलें. ते म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. गोव्यांत त्यांना पाद्री एस्तेव्हांव म्हणत. त्यांचें नांव आपल्यापैकीं बहुतेकांनीं ऐकलेलें असतें. पण त्यांनीं आपल्या घराचा त्याग कसा केला, आणि पुढें परक्यांच्या घरांघरांतून शुभवर्तमान कसें पोंचविलें, ही हकीकत फारशी कोणी सांगत नाहीं. तीच आम्ही येथें सांगणार आहों.

इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत बुश्टन या खेड्यांत त्यांचा जन्म झाला. पित्याचेंही नांव थॉमसच. ते लंडनचे व्यापारी होते, असें चरित्रकार सांगतात. रिचर्ड नांवाचा एक भाऊ होता. घर खाऊनपिऊन सुखी असावें असें दिसतें. परंतु तो काळ इंग्लंडांतील कॅथोलिकांना मोठा कठीण होता. एलिझाबेथ राणीच्या राज्यांत मिस्सा करणें व ऐकणें कायद्यानें गुन्हा ठरलें होतें. ज्या घरीं चोरून एखादा धर्मगुरु येई, त्या घरच्या धन्याला दंड व तुरुंग यांची तयारी ठेवावी लागे. रविवारीं सकाळीं उघड्या दारानें, मुलांबाळांना घेऊन मिस्सेला जाणाऱ्या आपणांस या स्थितीची पुरती कल्पना येणें कठीण आहे.

तरुणपणीं थॉमस यांचा थॉमस पाऊंड नांवाच्या एका उमराव गृहस्थाशीं स्नेह जडला. हे पाऊंड पूर्वीं राणीच्या दरबारांत वावरत. तेथील थाटमाट सोडून ते प्रार्थनेकडे व गुप्तपणें कॅथोलिक बांधवांना धीर देण्याकडे वळले होते. त्यांच्याबरोबर हिंडतां यावें म्हणून स्टीफन्स यांनीं त्यांच्या चाकराचा वेष घेतला, व जवळजवळ दोन वर्षें ते तसेच राहिले. दोघांनीं मिळून रोमला जावयाचें व येशूसंघांत प्रवेश करावयाचा असा बेत ठरविला होता. पण निघण्यापूर्वींच पाऊंड पकडले गेले, आणि पुढलीं तीस वर्षें त्यांचीं बहुतेक एका तुरुंगांतून दुसऱ्या तुरुंगांत गेलीं. धनी अंधारकोठडींत व चाकर मोकळा, अशी ही ताटातूट झाली. स्टीफन्स एकटेच रोमला गेले, आणि २० ऑक्टोबर १५७५ या दिवशीं त्यांनीं संघांत प्रवेश केला.

परंतु ते मित्राला विसरले नाहींत. पाऊंड यांनाही तुरुंगांत असतांनाच संघांत घ्यावें, अशी विनंती त्यांनीं रोममधील श्रेष्ठांकडे केली, व त्यांच्या धर्मनिष्ठेचा वृत्तांत लिहून दिला. १५७८ च्या अखेरीस संघप्रमुखांचें पत्र निघालें आणि बेड्या घातलेला तो कैदी येशूसंघाचा सदस्य झाला. आम्हांस स्टीफन्स यांच्या साऱ्या पूर्वायुष्यांत ही गोष्ट फार गोड वाटते. स्वतः मोकळें सुटलेल्या माणसाला मागें राहिलेल्याची आठवण राहतेच असें नाहीं.

यानंतर हिंदुस्थानास जाण्याची परवानगी त्यांनीं मिळविली. संत फ्रान्सिस झेवियर यांचीं पूर्वेकडील पत्रें त्या काळीं युरोपभर वाचलीं जात, व त्यांनींच तरुण स्टीफन्स यांचें मन इकडे वळविलें असावें, असें मानतात. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन बंदरांतून पांच गलबतें कर्ण्यांच्या व तोफांच्या गजरांत निघालीं. त्यांपैकीं एकावर ते होते.

येथें आम्हांस क्षणभर थांबावेंसें वाटतें. बारा वर्षांचे प्रभु येशू यरुशलेमच्या मंदिरांत मागें राहिले, व मरियामाता आणि संत जोसेफ तीन दिवस त्यांना शोधीत फिरले, ही शुभवर्तमानांतील गोष्ट आपण दरसाल ऐकतों. आपण बहुधा ती मुलाच्या बाजूनें ऐकतों. स्वर्गीय पित्याचें कार्य श्रेष्ठ, हा बोध घेऊन उठतों. पण त्या आईबापांचे ते तीन दिवस कसे गेले असतील? गांवच्या सोबत्यांत विचारावें, नात्यागोत्यांत विचारावें, आणि कोणालाच ठाऊक नसावें! शुभवर्तमानकार संत लूक यांनीं आईचा तो कष्टी प्रश्न गाळला नाहीं, आणि तिला मुलाचें उत्तर समजलें नाहीं हेंही मोकळेपणानें सांगून टाकिलें. ज्या घरांतून एखादा मुलगा सेमिनरींत गेला आहे किंवा मुलगी मठांत गेली आहे, त्या घरच्या वडील मंडळींना या ओळी निराळ्याच लागतात. मरियामातेचे तीन दिवस संपले व मुलगा तिच्यासंगें नाझरेथला परत आला. व्यापारी थॉमस स्टीफन्स यांचा मुलगा मात्र परत आला नाहीं.

त्यानें पत्र पाठविलें. २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गलबत गोव्यास लागलें, आणि नोव्हेंबरच्या १० तारखेस त्यांनीं बापाला सविस्तर पत्र लिहिलें. तें पत्र सुदैवानें राहिलें; प्रवासवर्णनें जमविणारे हॅक्लूट यांनीं तें आपल्या ग्रंथांत छापलें. त्यांत उपदेश थोडा व हकीकत फार आहे, म्हणूनच तें वाचनीय झालें आहे. गिनीच्या किनाऱ्याजवळ वारा पडून गलबतें दिवसच्या दिवस जागच्याजागीं राहिलीं, उडणारे मासे दिसले, केप ऑफ गुड होपजवळच्या प्रचंड लाटांतून कसेबसे पार पडले, हें सर्व त्यांनीं बापाला डोळ्यांपुढें उभें करून दिलें आहे. हिरड्या सुजून अंग फुगणाऱ्या त्या समुद्रावरच्या रोगानें दीडशेंहून अधिक माणसें अंथरुणास खिळलीं व सत्तावीस मेलीं. आणि इतर सफरींच्या मानानें ही हानि थोडीच समजली गेली, असेंही ते लिहितात. गलबतावर लहान मुलें पुष्कळ होतीं, आणि समुद्राचे हाल तीं मोठ्या माणसांपेक्षां बरे सोसतात, तसेंच स्त्रियाही, असा एक शेरा त्यांनीं मारला आहे. शेवटीं नारळीच्या झाडाची व तिच्यापासून निघणाऱ्या पेयाची हकीकत आहे. थंड देशांतल्या म्हाताऱ्याला माड कसा समजावून सांगावा, या प्रयत्नांत लेखकाचें पुत्रप्रेम जेवढें दिसतें, तेवढें लांबलचक अभिवादनांत दिसलें नसतें.

हिंदुस्थानांत येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांची नोंद करितात. पुढें येथें आलेल्या त्यांच्या देशबांधवांनीं तराजू आणिला, व मागाहून तलवार. यांनीं काय आणिलें तें आतां सांगावयाचें आहे.

१५८० सालीं गोव्यांत गुरुदीक्षा झाल्यावर त्यांची नेमणूक साष्टींत झाली. ही गोव्याच्या दक्षिणेकडील साष्टी. मुंबईनजीकची साष्टी नव्हे, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण पुष्कळांचा येथें घोटाळा होतो. थोडाथोडका काळ वगळतां उरलेलें सारें आयुष्य, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षें, त्यांनीं त्या प्रांतांत काढिलीं. मडगांवच्या विद्यालयाचे ते काहीं काळ प्रमुख होते.

त्या वेळची साष्टी कशी होती हें झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. १५६७ च्या सुमारास पोर्तुगीज अंमलाखालीं तेथील देवालयें पाडण्यांत आलीं होतीं. त्याआधीं, १५५९ सालीं, अनाथ झालेल्या हिंदु मुलांना ताब्यांत घेऊन ख्रिस्ती करण्याचा राजाचा हुकूम झाला होता. एकाच घरांत एका भावाचा बाप्तिस्मा झालेला व दुसरा नदीपार पळून गेलेला, अशीं कुटुंबें होतीं. प्रभूनें मुलांना आपल्याकडे येऊं द्यावें असें सांगितलें तें त्यांच्या आयांच्या कडेवरून. शिपायाच्या हातून त्यांना ओढून आणावें असें शुभवर्तमानांत कोठें नाहीं. आमच्या पूर्वजांपैकीं पुष्कळांचा विश्वास खरा होता, आणि तो कोणत्या वाटेनें आला हें त्या सर्वांनाच विचारलें गेलें नव्हतें. दोन्ही गोष्टी सत्य आहेत, व दोन्ही लिहिल्या पाहिजेत.

या जुलुमाचा भडका १५८३ च्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळी गांवीं उडाला. फादर रुडोल्फ आक्वाविव्हा व त्यांचे चार संघबंधु तेथें मारले गेले. त्यांच्याबरोबरच्या एतद्देशीय ख्रिस्ती मंडळींतलेही कित्येक पडले. येशूसंघाच्या या पांच हुतात्म्यांना १८९३ सालीं धन्य म्हणून घोषित करण्यांत आलें. पुढें त्या गांवच्या गांवकऱ्यांना बोलणीं करण्याच्या मिषानें आसोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून पोर्तुगीजांनीं ठार केलें, हेंही तितकेंच खरें आहे. फादर स्टीफन्स त्या वेळीं साष्टींतच होते. ऑक्टोबर महिन्यांत त्यांनीं पॅरिस येथें असलेल्या भाऊ रिचर्डला पत्र लिहून या हत्येची हकीकत कळविली. नवल असें कीं, त्याच दुःखाच्या पत्रांत त्यांनीं या देशाच्या भाषांविषयींही लिहिलें. त्यांचा उच्चार कानास अप्रिय नाहीं, त्यांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशीं जुळती आहे, आणि त्यांतील वाक्प्रयोग मोठे अपूर्व आहेत, असें त्यांचें मत झालें होतें. ही गोष्ट विल्यम जोन्स यांनीं आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला त्याच्या दोनशें वर्षें आधींची आहे. सोबत्यांचें रक्त अजून सुकलें नव्हतें; मारणाऱ्यांची बोली मात्र या माणसाला सुंदर वाटत होती. आम्हांस वाटतें, पुराणाचें बीज येथें पेरलें गेलें.

त्याच वर्षाच्या शेवटीं आणखी एक प्रसंग घडला. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स व जेम्स स्टोरी हे चार इंग्रज ओर्मूझहून कैद करून गोव्यास आणिले गेले. ते हेर असावेत असा पोर्तुगीजांना संशय होता. मायदेशीं या मंडळीच्या राणीनें स्टीफन्स यांच्या धर्माला तुरुंगांत घातलें होतें. तरी फादर स्टीफन्स यांनीं खटपट करून त्यांना जामिनावर सोडविलें. त्यांच्यांतला स्टोरी हा चित्रकार असल्यामुळें त्याला संघाच्या घरींच चित्रकामास ठेवून घेण्यांत आलें. तो तेथें कायमचा टिकला नाहीं. पुढें गोव्यांतच लग्न करून राहिला. बाकीच्यांनीं १५८४ च्या एप्रिलांत पळ काढिला. जामीन राहिलेल्यांची यामुळें काय स्थिति झाली असेल याचा विचार मनांत येतोच. चांगल्या शमरोन्याच्या गोष्टींत त्या जखमी मनुष्यानें मागाहून सराईवाल्याचे पैसे बुडविले कीं नाहीं हें सांगितलेलें नाहीं, आणि शमरोन्यानें तें आधीं विचारलेंही नव्हतें.

आतां पुराणाकडे येऊं. ग्रंथाच्या आरंभीं एक प्रसंग आहे. साष्टींतील एका देवळांत दुपारीं ख्रिस्ती शिक्षण चाललें असतां, तेथील एका नवख्रिस्ती ब्राह्मणानें पाद्रींना विचारिलें कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं आम्हांस बंद केलींत, मग त्यांच्या जागीं दुसरें पुराण आमच्यासाठीं कां करीत नाहीं? प्रश्न अगदीं रास्त होता. ज्या घरांत संध्याकाळीं दिवा लागल्यावर कथा चालत असे, तें घर एकाएकीं मुकें झालें होतें. दहा आज्ञा व प्रार्थना मुखोद्गत झाल्या होत्या. पण आजीनें नातवाला काय सांगावें? प्रश्नोत्तरांच्या पुस्तकानें मूल निजत नाहीं. फादर स्टीफन्स यांनीं हा प्रश्न रागानें झिडकारला नाहीं. मराठी तर त्यांनीं इतकी आत्मसात केली कीं, एकनाथ महाराजांच्या हयातींतच या प्रांतीं आलेल्या त्या इंग्रजानें त्यांच्याच ओंवीछंदांत सुमारें अकरा हजार ओंव्या रचिल्या. पहिल्या भागांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या प्रवक्त्यांपर्यंतची कथा, व दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र. एकंदर पंचाण्णव अध्याय आहेत. त्यांना त्यांनीं अवस्वरू म्हटलें आहे. भाषा मराठी, परंतु साधारण लोकांस कळावी म्हणून कठीण जुने शब्द टाकून तेथल्या बोलीचे शब्द त्यांनीं मुद्दाम मिसळले. मराठीच्या थोरवीचें त्यांनीं केलेलें वर्णन आज शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक आहे. तें येथें उतरून घेण्याचें कारण नाहीं. स्वर्गास ते वैकुंठ म्हणतात, प्रभूला स्वामी म्हणतात. कांहीं विद्वानांस हें खटकतें. आमचें म्हणणें असें कीं, जो शब्द ऐकतांच हात आपोआप जोडले जातात, तोच शब्द त्यांनीं निवडला.

आमच्या लहानपणीं आमच्या घरीं एक वृद्ध आजी होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. तेर्स झाल्यावर त्या आम्हां मुलांना शुभवर्तमानांतल्या गोष्टी सांगत, आणि त्यांच्या सांगण्यांत उधळ्या पुत्राचा बाप आमच्याच ओटीवर बसून वाटेकडे पाहत असे. मुलगा परत आला तेव्हां त्याच्या पायांना चिखल किती होता, आईनें चुलीवर पाणी कसें चढविलें, हें सर्व त्या सांगत. शुभवर्तमानांत त्या आईचा उल्लेख नाहीं, हें आम्हांस फार उशिरां कळलें. काना गांवच्या लग्नांत द्राक्षारस संपला तेव्हां यजमानाचें तोंड कसें झालें, हें सांगतांना त्यांना आमच्या आत्याच्या लग्नांत भात कमी पडला तो दिवस आठवे, व मरियामातेनें कोणालाही न दुखवितां हळूच मुलाच्या कानांत गोष्ट घातली, येथें येऊन त्या थांबत. घरांत सुनेचें काय मोल असतें, हें आम्हीं तेथें शिकलों. फादर स्टीफन्स यांचें पुराण आम्हीं पुढें मोठेपणीं हातीं घेतलें तेव्हां आम्हांस त्यांत परकें असें कांहीं वाटलें नाहीं. ग्रंथ पांडित्याचा आहे, आजींची गोष्ट अडाण्याची होती. पण दोघांनाही ऐकणारें घर समोर दिसत होतें.

हा ग्रंथ आपल्या लिपींत छापावा अशी फादर स्टीफन्स यांची उत्कट इच्छा होती. आपल्या लिपीचे खिळे पाडून घेण्याविषयीं त्यांनीं १६०८ सालीं रोमला संघप्रमुखांस लिहिलें, आणि जोडाक्षरांमुळें शेंकड्यांनीं होणारी खिळ्यांची संख्या युक्तीनें दोनशेंपर्यंत आणितां येईल असा हिशेबही मांडला. तें झालें नाहीं. १६१६ सालीं रायतूर येथें पुराण छापून निघालें तें रोमन अक्षरांत. ते तेव्हां सदुसष्ट वर्षांच्या घरांत होते. तीन वर्षांनीं, १६१९ सालीं, गोव्यांतच त्यांनीं देह ठेविला. त्यांची ख्रिस्ती शिकवणुकीची कोंकणी पुस्तिका १६२२ सालीं व कोंकणी भाषेचें व्याकरण १६४० सालीं, दोन्ही त्यांच्या पश्चात् छापलीं गेलीं.

पुराणाच्या १६४९ व १६५४ सालीं आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. रविवारीं व सणांच्या दिवशीं देवळांत तें वाचलें जाई. पुढें १६८४ सालीं गोवा सरकारनें एतद्देशीय भाषेचा वापर बंद करण्याचा हुकूम काढिला. तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज कोठें मिळत नाहीं. छापखान्यांतलें सारें गेलें. राहिलें तें घरांत हातानें उतरून घेतलेलें. गोव्याहून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं त्या प्रती बासनांत बांधून मंगळूरकडे नेल्या. टिपू सुलतानानें १७८४ सालीं तेथील ख्रिस्ती लोकांना बंदींत घालून श्रीरंगपट्टणास नेलें, तेव्हां त्या बंदिवासांत हें पुराण त्यांचा आधार होतें, अशी त्यांच्यांत परंपरा आहे. अशाच हस्तलिखित प्रतींवरून जोसेफ साल्दाना यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तें पुन्हां छापिलें, तेंही रोमन लिपींतच. देवनागरींत छापलेलें पुराण शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं पुण्याहून काढिलें. फादर स्टीफन्स यांनीं खिळे मागितले त्याला त्या वेळीं तीनशें अठ्ठेचाळीस वर्षें झालीं होतीं.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. पुराणाची देवनागरी लिपींतील एक जुनी हस्तलिखित प्रत विल्यम मार्सडन या इंग्रज विद्वानाच्या संग्रहांत होती; जस्टिन ॲबट यांनीं तिच्याकडे सर्वांचें लक्ष वेधलें. ती कोणीं उतरली व कोणाच्या घरांतून निघाली, यावर पंडितांनीं पुष्कळ लिहिलें आहे. ती प्रत आज लंडनच्या विद्यापीठांत, पौर्वात्य विद्येच्या ग्रंथालयांत जपून ठेविलेली आहे. ज्या शहरांत त्यांचे वडील व्यापार करीत, त्याच शहरांत.